डावीकडची खिडकी

मी गेम बनवायला लागलो तो रागातून. माझ्या बऱ्याच गोष्टी रागातूनच सुरू होतात असं बायको म्हणते. तिचं म्हणणं मी सहसा मान्य करत नाही, पण हे खरं आहे.

मी एसटीत कंडक्टर. दिवसभर बसमध्ये असणाऱ्या माणसानं विश्रांतीच्या वेळी फोनवर पुन्हा बसच चालवावी, हे तसं येडेपणाचंच. पण तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये तो बसचा गेम होता. परदेशातले गुळगुळीत रस्ते, दोन्ही बाजूंनी झाडं, थांब्यावर गाडी थांबली की दार आपोआप उघडायचं आणि माणसं शिस्तीत चढून गुपचूप बसायची. पंधरा दिवस मी तो आवडीनं खेळलो. मग एक दिवस लक्षात आलं की या गाडीत कंडक्टरच नाही. तिकीट नाही, घंटी नाही, "पुढं सरका" नाही. ज्यानं कुणी हा गेम बनवला होता त्याला माझी गरजच वाटली नव्हती. माझं डोकं सणकलं. गेम तिथल्या तिथं काढून टाकला आणि समोर डबा खात बसलेल्या चाचांना म्हणालो, "आता मीच बनवतो गेम. कंडक्टरचा."

"बनवा की मास्तर," चाचा म्हणाले. "कोन नक्को म्हन्लं?"

चाचा म्हणजे माझे ड्रायव्हर. नांदेडच्या जुन्या वस्तीतलं त्यांचं घराणं. आजोबांनी टांगा हाकला, वडिलांनी ट्रक, आणि यांनी एसटी. निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. कंडक्टरला आमच्याकडं सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मी मास्तर, नाहीतर मी कुणाला काही शिकवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आमची दोघांची ड्युटी नांदेड-लातूर. सकाळी सातला निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत अकराच्या सुमारास लातूर गाठायचं, आणि परतीची गाडी अडीचला. मधले तीन तास स्टँडवरच्या विश्रांतीच्या खोलीत. चाचा जेवून हातरुमाल तोंडावर टाकून पडायचे. मी आधी पेपर वाचायचो, मग तो वाचून झाल्यावर मागं आडव्या पडलेल्या माणसाच्या घोरण्यावर चिडायचो. आता चिडायच्या जागी प्रोग्रामिंग शिकायला लागलो.

शिकायला लागलो म्हणजे काय, तर फोनवर हिंदीतले व्हिडिओ बघायला लागलो. प्रत्येक व्हिडिओवाला सुरुवातीला सांगायचा की हे अगदी सोपं आहे, आणि दहाव्या मिनिटाला असं काहीतरी बोलायचा की मला माझ्या शाळेतले इंग्रजीचे गुरुजी आठवायचे. इंग्रजीत मी कायम काठावर पास. त्यात चूक झाली की लाल अक्षरात इंग्रजी वाक्य यायचं. एका अर्धविरामासाठी मी तीन दिवस घालवले आहेत. ओळीच्या शेवटी तो द्यायचा राहिला होता. मराठी लिहिताना मी अख्ख्या आयुष्यात एकदाही अर्धविराम दिला नव्हता, त्यामुळं तो एवढा महत्त्वाचा असेल असं मला वाटलंच नाही. पुढं एका सहकाऱ्याकडून जुना लॅपटॉप घेतला. तो डब्याच्या पिशवीत घालून नेऊ लागलो. त्याच्या कीबोर्डात अजूनही शेंगदाण्याच्या चटणीचे कण असतील.

माझा पहिला स्वतःचा प्रोग्राम घंटीचा होता. एक घंटी वाजली तर थांब, दोन वाजल्या तर चल. आमचं सगळं खातं या दोन वाक्यांवर चालतं, तेव्हा प्रोग्राम चालायला हरकत नव्हती. चाचांना उठवलं आणि दाखवलं. दोन घंट्या वाजवल्या, स्क्रीनवरचा लाल चौकोन, म्हणजे बस, निघाली. एक घंटी वाजवायला गेलो तर बटण चालेना. बस जात जात स्क्रीनच्या बाहेर निघून गेली आणि परत आली नाही.

"ब्रेक न्हाई का दिला गाडीला?" चाचांनी विचारलं.

"दिलाय. लागत नाही."

"मग हिला डेपोत न्या," म्हणाले आणि परत रुमाल तोंडावर घेतला.

त्या रुमालावरूनच मला गेम सुचला. आमच्या भागात एसटीनं फिरलेल्या माणसाला हे सांगायला नको. गाडी स्टँडात शिरली की ती थांबायच्या आत लोक खिडक्यांकडं पळतात आणि आत रुमाल टाकून जागा धरतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. हा नियम कुठंही लिहिलेला नाही, पण तो मोडला तर मारामारी होते, आणि निवाडा करायचा कंडक्टरनं. रुमाल, टॉवेल, वही, भाजीची पिशवी, हे सगळं मी सीटवर पाहिलेलं आहे. अहमदपूरला एका बाईनं जागा धरायला खिडकीतून लेकरू आत दिलं होतं, आणि लेकराच्या आधी तिथं टोपी पडलेली होती. तो निवाडा मी अजून विसरलो नाही. जागा लेकराला दिली.

तर माझा गेम असा. फोन आडवा धरायचा. वरच्या बाजूला बस येऊन उभी राहते. तिला आठ खिडक्या. त्यातली कुठली तरी एक उघडते, आत पिवळा उजेड दिसतो, आणि ती मिटायच्या आत खालून बोटानं रुमाल भिरकावायचा. आत पडला तर जागा मिळाली. उशीर झाला तर दुसऱ्या कुणाची टोपी पडते. पुढं पुढं खिडक्या लवकर मिटायला लागतात. एवढंच. पण एवढं करायला मला सात महिने लागले.

त्या सात महिन्यांतली एक चूक मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. संगणक शून्यापासून मोजतो. पहिल्या खिडकीला तो शून्य म्हणतो, आठवीला सात. आम्हा मास्तर लोकांचं सगळं एकपासून. सीट नंबर एक, तिकीट एक, घंटी एक. शून्य नंबरच्या सीटवर कधी कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. मी एक ते आठ असं लिहिलं. झालं काय, की आठ नंबरची, म्हणजे नसलेलीच, खिडकी उघडायची वेळ आली की गेम बंद पडायचा, आणि डाव्या टोकाची पहिली खिडकी कधी उघडायचीच नाही. हे कळायला मला पंधरा दिवस लागले, आणि कळलं तेव्हा मी विश्रांतीच्या खोलीत एवढ्या जोरात ओरडलो की बाजूचे दोघे कंडक्टर उठून बसले. शून्य ते सात केलं. आठही खिडक्या उघडायला लागल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हे जमणार.

गेम मी सगळ्यात आधी चाचांच्या फोनवर टाकला. दुसरं कोण होतं? बायकोला फोनवर खेळायला वेळ नव्हता. ती घरी शिलाई करते, आणि मी गेमबद्दल काही सांगायला गेलो की मशीन जरा जोरात चालवते. "घरातल्या खिडकीची जाळी दिवाळीपासून फाटल्येली हाय," ती एकदा म्हणाली, "अन् तुम्ही मोबाईलमधी खिडक्या बसवून राहिलात." चाचांना मात्र गेम लागला. दुपारची झोप गेली. जेवण झालं की भिंतीला टेकून, पाय पसरून ते रुमाल भिरकावायचे, आणि टोपी पडली की दखनीत जे काही म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही. त्यांना खेळताना बघून मला जो आनंद व्हायचा तो नोकरीच्या ऑर्डरच्या दिवशीही झाला नव्हता.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी तक्रार केली. "मास्तर, तुमची डावीकडची खिडकी उघडत न्हाई."

मला वाटलं, पुन्हा शून्य! मी त्यांचा फोन घेतला, खेळून बघितलं. डावीकडची उघडली. "उघडते की, चाचा."

"तुमच्या हातात उघडती. माझ्या हातात बंद ऱ्हाती."

व्हिडिओवाले नेहमी सांगायचे की खेळणाऱ्यावर कधी संशय घ्यायचा नाही, चूक तुमच्याच कोडमध्ये असते. हे मला आवडलेलं एकमेव तत्त्व होतं, कारण आमच्या धंद्यात नेमकं उलटं असतं. आमच्याकडं पॅसेंजर म्हणाला "सुट्टे दिले होते" की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा. म्हणून मी ठरवलं, इथं तसं करायचं नाही. चूक माझी. मी शोधणार.

तीन आठवडे शोधली. दुपारी लातूरला शोधायचो, संध्याकाळी घरी शोधायचो. खिडकी निवडायचं गणित नव्यानं लिहिलं. चाचांच्या फोनचा पडदा खराब असेल म्हणून माझा फोन त्यांना दिला. तक्रार तीच. खिडकीचा पिवळा रंग भडक केला. तक्रार तीच. रोज दुपारी डबा उघडता उघडता चाचा विचारायचे, "खिडकी दुरुस्त झाली का, मास्तर?" आणि रोज मी नाही म्हणायचो. एकदा तर चिडून म्हणालो, "तुम्ही त्या बाजूला बघतच नसाल." त्यावर ते हसले. म्हणाले, "डावी बाजू मास्तरची. मी कशाला बघू?"

हे आमच्यातलं जुनं आहे. गाडीची उजवी बाजू ड्रायव्हरची, डावी कंडक्टरची. स्टँडात गाडी वळवताना, मागं घेताना मी दारात उभा राहून आवाज देतो: "येऊ द्या, येऊ द्या, बास." सगळेच देतात. पण चाचा गेल्या वर्षभरात जरा जास्तच विचारायचे. चालत्या रस्त्यावर सुद्धा, "मास्तर, डावीकडं बघा हो." मी त्याला विश्वास समजायचो आणि मनातल्या मनात फुगायचो. त्याच दिवसांत चाकूरला एक प्रकार झाला. स्टँडातून बाहेर पडताना आमचा डावा आरसा उसाच्या ट्रॉलीला घासला. फार काही नाही, काच तडकली. मी तेव्हा मागं तिकिटं फाडत होतो. चाचा माझ्यावर ओरडले, "आवाज का न्हाई दिला?" मी पण ओरडलो, "मी तिकिटं काढू का तुम्हाला रस्ता दाखवू?" भर गाडीत आमची जुंपली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं आम्हा दोघांना दोन पेरू दिले आणि गप्प केलं.

शोध संपवायची युक्ती दिली बायकोनं. मी एका रविवारी सगळं कोड पुसून पहिल्यापासून लिहायला बसलो होतो. तिनं विचारलं काय करून राहिलात. सांगितलं. तिनं हातातला ब्लाऊज उलटा करून माझ्यापुढं धरला. "टीप चुकली म्हणून मी सगळा उसवते का? उलटा करते अन् चार-चार बोटांवर बघत जाते, कुठपर्यंत बरोबर हाय ते." मग परत मशीनवर बसली. मी लॅपटॉपकडं बघत राहिलो. नंतर समजलं की जगातले सगळे प्रोग्रामर हेच करतात. मी प्रोग्रामला सांगितलं की एक यादी लिहीत जा. कितवी खिडकी उघडली, कधी उघडली, रुमाल पडला की नाही. प्रत्येक वेळी, न चुकता.

दुसऱ्या दिवशी लातूरला चाचांना नेहमीसारखं खेळू दिलं. मग फोन घेऊन यादी बघितली. शून्य नंबरची खिडकी उघडली. रुमाल नाही. एक नंबरची उघडली. रुमाल नाही. पाच उघडली, रुमाल पडला. सहा, पडला. शून्य, नाही. शून्य, नाही. एक, नाही. मधल्या आणि उजवीकडच्या खिडक्यांत माणूस कुठंच हुकला नव्हता. डावीकडच्या दोन खिडक्या उघडत होत्या, व्यवस्थित उघडत होत्या, आणि त्यांच्या वेळी चाचांचं बोट पडद्याला लागतच नव्हतं. उशीर झाला, नेम चुकला, असंही नाही. काहीच नाही.

मला तरीही कळलं नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं यादी चुकतेय. म्हणून म्हटलं, "चाचा, परत खेळा, मी बाजूला बसून बघतो." त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो. बस आली. चौथी खिडकी उघडली, रुमाल गेला. सातवी, गेला. मग डाव्या टोकाची उघडली. मी खेळ जरा सावकाश केला होता, त्यामुळं ती चांगली टक्क उघडी राहिली. आत पिवळा उजेड. चाचा पडद्याकडं सरळ बघत होते. बोट रुमालावर तयार. खिडकी उघडी, आणि ते वाट बघत होते.

"बघा," ते म्हणाले. "बंदच हाय."

चाकूरचा आरसा आठवला. "डावीकडं बघा हो" आठवलं. वर्षभर मी दारात उभा राहून दिलेले आवाज आठवले. घड्याळात पावणेदोन वाजले होते. अडीचच्या गाडीचं बुकिंग भरलेलं होतं.

मी सांगितलं. जमेल तसं, अडखळत सांगितलं. खिडकी उघडी होती, चाचा. तुम्हाला दिसली नाही. ते आधी हसले. मग मी खिशातला पेन काढून त्यांच्या डोळ्यांसमोर वर डावीकडं धरला आणि विचारलं, सरळ बघत सांगा, काय आहे. त्यांनी माझा हात झटकला. "तीस वर्षं गाडी चालवून राहिलो मी. एक माणूस मेला न्हाई माझ्या हातनं. तुमचं खेळनं बिघडलं म्हनून माझे डोळे बिघडले का?" उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. मी मागं गेलो नाही. मला भीती वाटत होती, त्यांची आणि अडीच वाजण्याची.

अडीचला गाडी फलाटाला होती. चाचा सीटवर बसलेले, इंजिन चालू. माणसं भरली, सामान वर गेलं, रुमालांची भांडणं मिटली. मी दारात उभा राहिलो. माझ्या दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी हलत नाही. दोरी हातात होती आणि मी ती ओढली नाही.

"मास्तर, बेल मारा की," मागून कुणीतरी ओरडलं. मग दुसरा, तिसरा. अर्ध्या तिकिटाच्या बायका, कॉलेजच्या पोरी, सगळ्या ओरडायला लागल्या. चाचांनी आतल्या आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, कदाचित दोन मिनिटं. बारा वर्षांच्या नोकरीत मी पॅसेंजरशी भांडलो, साहेबांशी भांडलो, पण ज्या माणसाच्या डब्यातलं रोज खाल्लं त्याच्याशी असं कधी वागलो नव्हतो.

मग इंजिन बंद झालं. चाचा खाली उतरले, माझ्याकडं न बघता गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या खिडकीवर गेले आणि म्हणाले, "साहेब, डोळ्याला तरास होऊन राहिलाय. दुसरा ड्रायव्हर द्या." स्वतःच्या तोंडानं म्हणाले. कंट्रोलर भला माणूस, त्यानं पाऊण तासात माणूस दिला. परतीच्या वाटेवर चाचा माझ्या शेजारच्या सीटवर बसून होते. ड्रायव्हरांच्या डोळ्यांच्या वार्षिक तपासणीला अजून अवकाश होता, आणि मधल्या काळात कुणी कशाला डोळे दाखवायला जातं?

दुसऱ्या दिवशी नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं, नको पण म्हणाले नव्हते. डॉक्टर बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी चाचांना एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रापुढं बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर एका ठिपक्याकडं बघत राहायचं, आणि आत कुठंही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. मी दारातून बघत होतो. माझ्याच गेमचा थोरला भाऊ होता तो. दिवे लागत होते, चाचा बटण दाबत होते, आणि काही दिवे लागून विझत होते. कागद छापून आला. त्यावर वर डावीकडं काळं होतं.

"काचबिंदू," बाई म्हणाल्या. "डाव्या डोळ्यात बराच पुढं गेलाय, उजव्यात सुरुवात आहे. दुखत नाही, त्यामुळं कळत नाही. आणि नजरेतली रिकामी जागा मेंदू आजूबाजूचं बघून भरून टाकतो. काळा डाग वगैरे दिसत नाही. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय." गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं टिकवायचं, रोज थेंब घालायचे, वेळेवर यायचं. चाचांनी एकच प्रश्न विचारला. "गाडी?"

"मोठी गाडी आता नाही, चाचा," बाई म्हणाल्या. त्यांनीही चाचाच म्हटलं.

पुढचं रीतसर झालं. तपासणी, कागद, आणि मग डेपोतल्या वर्कशॉपात सुटे भाग द्यायच्या खिडकीवर हलकं काम. मला दुसरा ड्रायव्हर मिळाला, चांगला तरुण माणूस, कानात इअरफोन घालून झोपणारा. मी गेमला हात लावला नाही. लॅपटॉप घरीच राहिला. चाचा डेपोत दिसायचे, पण लांबून. मी हात केला की ते दुसरीकडं बघायचे, आणि मला कळायचं नाही की ते रागावलेत की मी त्यांना दिसलोच नाही. मला त्यांची फार आठवण यायची. डबा उघडला की जास्त यायची. आपण बरोबर केलं हे मला माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

चार-पाच महिन्यांनी मी एका दुपारी आरशाची नवीन काच घ्यायला वर्कशॉपात गेलो. चाचा बाहेर बाकावर ऊन खात बसले होते. खिशात थेंबांची बाटली. मी जाऊन बाजूला बसलो. मग मीच म्हणालो, "चाचा, माझा राग गेला नसंल तर तसं सांगा. पण मी त्या दिवशी बेल देऊ शकत नव्हतो."

"राग तुमचा न्हाई, मास्तर," ते समोर बघत म्हणाले. "मला तोंड दाखवायची शरम वाटत व्हती. मला म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"एवढं गेलं आसंल आसं न्हवतं वाटलं. पन डावीकडं कायतरी हरवून राहिलंय, हे कळत व्हतं. वर्ष झालं आसंल. घरात सांगितलं न्हाई, कुनालाच न्हाई. सांगितलं की स्टेअरिंग गेलं."

मला संताप आला. माझा स्वभावच तो. "वर्षभर? मागं पन्नास-पन्नास माणसं असायची, चाचा!"

"हौ," ते म्हणाले. स्वतःची बाजू मांडली नाही. बाटली खिशातून काढली, हातात फिरवली, परत ठेवली.

"आणि मी तीन आठवडे येड्यासारखा माझ्या कोडमध्ये चूक शोधत बसलो," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत होतं तर रोज माझ्या गेमला कशाला नावं ठेवली? खिडकी बंद हाय, खिडकी बंद हाय. का?"

"दुसरं कसं सांगनार व्हतो?" चाचा म्हणाले. "मला सरळ म्हनता येईना. वाटलं, मास्तर शोधून काढतो. लई जिद्दीचा हाय. रोज सांगत तर व्हतो, मास्तर."

राग कुठं गेला कळलं नाही. चाचा बोलताना समोर बघत होते, अधूनमधून मान वळवून मला शोधत होते, आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी त्यांच्या डाव्या हाताला बसलोय. उठलो आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या उजवीकडं जाऊन बसलो.

"आत्ता दिसलात," चाचा म्हणाले. "सांगा चहा."